अण्णांच्या बोटाला लागलेली खाच

बारामतीतून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला, टायरवाल्याच्या शेजारी माझं गॅरेज होतं. एकेचाळीस वर्षं होतं. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे आणि जमिनीतलं तेल अजून वर येतं म्हणून दुकानदार माझ्या नावानं ओरडतो. त्याला मी काय करणार! एवढ्या वर्षांचं तेल आहे ते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक निवृत्त गुरुजी गाडीचं दुखणं कागदावर लिहून आणायचे. ‘सकाळी खोकते. दुपारी बरी असते. चढाला दम लागतो.’ मी तो कागद वाचून बॉनेट उघडायचो आणि बहुतेक वेळा निदान कागदावरच झालेलं असायचं. दुसरे एक बागायतदार होते. त्यांची जीप ठणठणीत, पण दर सोमवारी बाजाराला आले की ‘जरा आवाज येतोय’ म्हणून आणायचे. आवाज कधीच आला नाही. चहा पिऊन, तासभर बसून, ‘आता गेला बघा आवाज’ म्हणत निघून जायचे.

माझं नाव होतं ते इंजिनाच्या कामाला. वालचंदनगरपासून भिगवणपर्यंत लोक इंजिन खोलायला माझ्याकडं यायचे आणि मलाही त्याची थोडी ऐट होती. मागच्या एक्सलमधून तेल गळणं वगैरे कामं मी हलकी समजायचो. अशाच एका हलक्या कामानं माझी झोप उडवली, ती गोष्ट सांगतो. चारेक वर्षांपूर्वीची आहे.

कन्हेरीला अण्णा राहायचे. लहानपणी देवी आल्या आणि त्यात दोन्ही डोळे गेले. धंदा पेट्या दुरुस्त करण्याचा. पेटी म्हणजे हार्मोनियम. आमच्या भागात गावागावात भजनी मंडळ असतं आणि मंडळाकडं पेटी असते. तिचा भाता फाटतो, पट्टी दबून बसते, सूर उतरतो. पेटीतला सूर म्हणजे पितळेची बारीक पाती. ती कानशीनं केसभर घासली की सूर चढतो किंवा उतरतो, कुठं घासली त्यावर. अण्णा ते काम बोटांनी करायचे. ‘तुझ्या इंजिनात एवढं बारीक काम न्हाय,’ असं मला ऐकवायचे. बोलायला तिखट माणूस. हवामानाचे अंदाज सांगायचे आणि ते हमखास चुकायचे.

पेटी कन्हेरीला आणून देणं मंडळांना जमायचं नाही, म्हणून अण्णाच गावोगाव जायचे. आणि त्यांना नेणाऱ्या त्यांच्या मंडळी, शकुंतलाकाकू. काकूंचं माहेर डाळजचं. माहेरी असताना ट्रॅक्टर चालवायच्या, पुढं घरात व्हॅन आली तेव्हा परवाना काढून व्हॅन चालवायला लागल्या. नऊवारी नेसलेली, साठी ओलांडलेली बाई ती जुनी व्हॅन घेऊन आली की टायरवाला काम सोडून बघत राहायचा.

व्हॅन खरोखरच जुनी. गोल नाकाची, खाली निळी, वर दुधी रंगाची. तिचे सुटे भाग मिळणं कधीच बंद झालं होतं. पूर्वी कुठल्यातरी दवाखान्याची होती म्हणे. आत अण्णांनी फळ्या मारून घेतल्या होत्या. पेट्या, चामड्याचे तुकडे, डिंकाची डबी, सगळं जागच्या जागी. कुणी डबी वीतभर सरकवली तरी अण्णांचा आरडाओरडा. त्यांचं दुकान, कारखाना, सगळं त्या गाडीतच.

एका सकाळी गाडी दारात थांबली आणि अण्णा उतरायच्या आधीच म्हणाले, “दिलावर, मागनं तेलाचा वास येतोय. उजवीकडनं.”

“अण्णा, गॅरेजमध्ये तेलाचाच वास येणार,” मी म्हणालो.

“मी कन्हेरीपासनं वास घेत आलोय. तिथं काय तुझं गॅरेज हाय व्हय?”

मी वाकून बघितलं. उजव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला टायरवर काळपट ओघळ होता.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अशा गाडीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. दोन्ही चाकांना जोडणारी एक लोखंडी नळी असते, तिच्यात दोन्ही बाजूला एकेक दांडा फिरतो. तोच एक्सल. नळीत दाट तेल असतं. नळीच्या तोंडाशी रबराची एक कडी बसवलेली असते, तिला ऑइल सील म्हणतात. ती फिरत्या दांड्याला ओठासारखी चिकटून तेल आत अडवते. सील खराब झालं की तेल बाहेर येतं आणि बाहेर लगेच असतो तो ब्रेकचा ड्रम. तेल ब्रेकवर आलं की ब्रेक धरत नाही. म्हणजे काम हलकं असलं तरी बाब हलकी नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर पुढचं सांगायला जड जातं.

मी चाक काढलं, दांडा ओढला, जुनं सील काढून मापाचं नवं बसवलं. दांडा पुसून उजेडात धरला. जिथं सील टेकतं तिथं छान चकाकत होता. चकाकतोय म्हणजे चांगला आहे, असं मी धरून चाललो. ब्रेकचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, तेलानं भिजले होते. ते खरं तर बदलायचे असतात. त्या गाडीचे लायनर शोधायला पुण्याला जावं लागलं असतं आणि अण्णांना दुसऱ्या दिवशी सणसरला पेटी द्यायची होती. मी लायनर पेट्रोलनं धुतले, वाळवले, परत बसवले.

महिन्याभरात गाडी परत आली.

“वास येतोय,” अण्णा म्हणाले.

काकू म्हणाल्या, “दिलावरभाई, मला तर काय येत न्हाय. पर ह्यांचं रातंदिस तेच चाललंय.”

मी बघितलं. किंचित ओल होती. नळीला वरच्या बाजूला हवा जायला एक बारीक भोक असतं. ते चिखलानं बुजलं की आत दाब वाढतो आणि चांगलं सीलसुद्धा तेल सोडतं. ते भोक खरंच बुजलेलं होतं. मला आनंद झाला. चोर सापडला! भोक साफ केलं, पुन्हा सील बदललं, लायनर पुन्हा धुतले.

“आता तेल आलं तर मी धंदा सोडतो,” मी अण्णांना म्हणालो.

चार दिवसांनी त्यांचा फोन. “दिलावर, वास हाय.”

“अण्णा, लायनरमध्ये जुनं तेल मुरलेलं असतं. ब्रेक तापला की त्याचा वास येतो. जाईल आठ दिवसांत.”

“तसा न्हाय रं. हा ताजा वास हाय.”

मी हसलो. माझ्यासमोर उघडलेलं इंजिन होतं, गिऱ्हाईक खोळंबलं होतं. “अण्णा, तुमी पेटीचं बघा, गाडीचं मी बघतो,” असं म्हणून फोन ठेवला.

ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर काहीही दिलं असतं.

गळिताचा हंगाम होता. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. भिगवणच्या अलीकडं काकूंच्या पुढं चाललेला ट्रॅक्टर एकाएकी थांबला. काकूंनी ब्रेक दाबला. डाव्या चाकानं धरला, उजव्यानं धरलाच नाही. गाडी डावीकडं फिरली आणि रस्ता सोडून कडेच्या चारीत उतरली. उलटली नाही, एवढीच खुदाची मेहेरबानी. काकूंचा हात मुरगळला. अण्णा पुढंच बसले होते, त्यांचं कपाळ समोरच्या पत्र्यावर आपटलं.

मला ट्रॅक्टरवाल्यानं कळवलं. गाडीत माझ्या नंबरची चिठ्ठी चिकटवलेली होती. मी पोहोचलो तेव्हा अण्णा बांधावर बसले होते, डोक्याला कुणाचातरी टॉवेल बांधलेला, त्यावर लाल डाग. काकू शेजारी उभ्या, एक हात दुसऱ्या हातात धरून. माझी चाहूल लागताच अण्णा बोलले.

“कोण, दिलावर का? पेट्या बघ रं. दोन पेट्या पडल्यात खाली.”

दवाखान्यात त्यांना चार टाके पडले. गाडी ओढून कन्हेरीला नेऊन लावली. मी दुसऱ्या दिवशी जातो म्हणालो आणि गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही गेलो नाही. खरं सांगायचं तर पाऊल उचलत नव्हतं. घरी माझी बायको म्हणाली, “इंजिनं खोलताय दिवसभर, अन् त्या दोघांच्या दाराकडं तोंड करायला भीता होय?” तेव्हा सहाव्या दिवशी गेलो.

अण्णा ओट्यावर बसलेले. समोर तीन गावांच्या पेट्या येऊन पडल्या होत्या. कुणी मोटरसायकलवर बांधून आणल्या होत्या. एकीची पाती त्या हादऱ्यांनीच निखळली होती. काकू आतून पाणी घेऊन आल्या.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. लायनर बदलायला पाहिजे होते, मी धुऊन भागवलं. वासाचं तुम्ही सांगितलं, मी हसलो. “चूक माझी हाय, अण्णा.”

अण्णा कपाळावरची पट्टी चाचपत राहिले. मग म्हणाले, “व्हय. तुझीच हाय.”

एवढंच. ‘जाऊ दे’ म्हणाले नाहीत, ते बरं केलं. म्हणाले असते तर मला तिथं बसवलं नसतं.

काकू म्हणाल्या, “दिलावरभाई, गाडी नीट करा. अन् कुणी घेत असंल तर देऊन टाका. मी आता चालवणार न्हाय.”

“काकू, यावेळी मी—”

“तुमच्यावर राग न्हाय माझा. तुमाला सांगू का? मला पुढचा ट्रॅक्टर दिसला. ब्रेक दाबताना मी स्टेरिंग घट्ट धरलं. ह्यांना काय दिसलं? काय सुदिक न्हाय. हे आपले गुणगुणत बसलेले, हात मांडीवर. कुणीबी डोळस माणूस आपसूक हात पुढं टेकवतो. ह्यांनी टेकवला न्हाय. तसंच्या तसं डोकं जाऊन आदळलं.” त्यांनी हातातलं पाणी माझ्यापुढं ठेवलं. “ते मला रोज दिसतं.”

अण्णांनी समोरची पेटी ओढून घेतली आणि नुसतीच मांडीवर धरून बसले.

मी अंगणातच गाडी उचलली. उजवं मागचं चाक काढलं, ड्रम काढला. आत तेल होतं. ताजं, ओलं. दांडा ओढून काढला, पुसला आणि ओट्यावर फडक्यावर ठेवला. पुन्हा तेच, छान चकाकणारा. सील नवं, भोक साफ, तेल मापात. मग तेल येतंय कुठून? मी दांडा उन्हात फिरवून फिरवून बघत होतो. अंगठा फिरवला. गुळगुळीत.

“काय झालं? गप का?” अण्णांनी विचारलं.

“कळंना, अण्णा. दांड्यात तर काहीच न्हाय.”

“बघू हिकडं.”

मी दांडा त्यांच्या मांडीवर दिला. जड होता, त्यांनी तो पेटीवर आडवा टेकवला. त्यांची बोटं मी इतक्या वर्षांत नीट बघितलीच नव्हती. लांब, कोरडी, नखं बारीक कापलेली. एका टोकापासून निघाली आणि अगदी सावकाश पुढं सरकत गेली. एका जागी थांबली. मागं आली. परत गेली.

“हितं काय असतं?”

“तिथंच सील बसतं.”

“मग हितं खाच हाय की. गोल फिरून आलीया, सगळीकडनं. तुला लागंना व्हय?”

मी त्याच जागी बोट ठेवलं. मला खरंच लागलं नाही. चाळीस वर्षं पाने फिरवून माझ्या बोटांची कातडी चामड्यासारखी झालेली. अण्णांनी माझा हात धरला, बोट उलटं केलं आणि माझं नख दांड्यावर आडवं ओढलं. नख एका ठिकाणी जरासं अडलं. अगदी जरासं.

सगळा उलगडा झाला. इतक्या वर्षांत सीलच्या रबरानं लोखंडाला खाच पाडली होती. नवं सील आणलं की ते त्याच खाचेवर बसायचं आणि ओठ नीट टेकायचाच नाही. दांडा चकाकत होता तो चांगला म्हणून नव्हे, झिजला म्हणून.

“असं पातीवर झालं तर तुमी काय करता?” मी विचारलं.

“पाती बदलतो. तुझ्याकडं दुसरा दांडा हाय का?”

“ह्या गाडीचा आता कुठं मिळायचा!”

“मग दांड्याला नवी कातडी घाल काहीतरी.”

तेच करायचं होतं. वालचंदनगरला माझ्या ओळखीचे एक टर्नर होते, जन्मभर लेथवर उभे राहिलेले, आता कारखान्याच्या कॉलनीतली खोली सोडून गावात राहणारे. त्यांच्याकडं दांडा नेला. त्यांनी खाचेची जागा उतरवून एकसारखी केली, तेवढ्याच मापाचा, बांगडीसारखा पातळ पोलादी बुश बनवला आणि तापवून दांड्यावर चढवला. निवला तसा तो आवळून बसला. टर्नरकाकांनी चष्मा वर करून विचारलं, “ही खाच तुला दिसली कशी? मलासुद्धा माप घेतल्यावर कळली.”

“मला न्हाय दिसली,” मी म्हणालो. एका मिस्त्रीनं दुसऱ्या कारागिरासमोर हे म्हणणं सोपं नसतं. पण म्हटल्यावर हलकं वाटलं.

लायनर यावेळी नवे घातले. चारी चाकांना. त्यासाठी पुण्याला दोन खेपा झाल्या. तिथं मापाचे मिळाले नाहीत म्हणून दुसऱ्या गाडीचे आणून कापून, रिबिट मारून बसवले. सगळं कन्हेरीच्या अंगणात बसून केलं. मग सलग आठवडाभर मी एकटा ती गाडी भिगवणपर्यंत चालवत होतो, रिकाम्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारत होतो, अंगणात परत येऊन चाक उघडून बघत होतो. ड्रम आतून कोरडा, पांढऱ्या रुमालानं पुसावा इतका.

आठव्या दिवशी मी किल्ली काकूंच्या पुढं ठेवली.

“मी सांगितलंय न्हवं, देऊन टाका.”

“देतो. पण आधी एकदा तुमी चालवून बघा. मी शेजारी बसतो.”

काकूंनी किल्ली उचलली. मग म्हणाल्या, “ह्यांना बसवणार न्हाय मी.”

“नको बसवू,” ओट्यावरनं अण्णा म्हणाले. “मी हितंच थांबतो.”

फाटकापाशी येऊन ते उभे राहिले. मला वाटतं, ती गाडी त्यांच्याशिवाय काकूंच्या हातून त्या फाटकाबाहेर पहिल्यांदाच निघाली.

पहिला मैलभर काकू सायकलच्या वेगानं चालल्या. मागून येणारे हॉर्न वाजवत पुढं गेले. मग एका ट्रॉलीच्या मागं आल्यावर त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि डोळे मिटले. मी ओरडलो, “काकू, डोळे!” त्यांनी उघडले. गाडी सरळ रेषेत थांबली होती. त्या स्टेरिंगवर डोकं टेकवून रडल्या. मी खिडकीबाहेर उसाकडं बघत बसलो. थोड्या वेळानं त्यांनीच पदरानं तोंड पुसलं, गिअर टाकला, गाडी वळवली.

परत आलो तेव्हा अण्णा तिथंच उभे होते, एक हात फाटकावर. अर्धा तास झाला असेल, जागचे हलले नव्हते. आवाजावरनं त्यांनी ओळखलं आणि विचारलं, “चालली का नीट?”

काकू खाली उतरल्या नाहीत. मला म्हणाल्या, “दिलावरभाई, तुमी उतरा.” मी उतरलो. मग त्या अण्णांना म्हणाल्या, “बसा.”

“मागं बसू का?”

“पुढंच बसा. मी सांगत जाईन.”

“काय सांगत जाशील?”

“सगळं. बसा आधी.”

मी अण्णांना हात देऊन बसवलं. मांडीवर एक पेटी दिली, डाळजच्या मंडळाची. महिना झाला ती वाट बघत होती. गाडी निघाली. खिडक्या उघड्या होत्या. कोपऱ्यावर एक म्हैस रस्त्यात आली आणि काकूंचा खणखणीत आवाज आला, “थांबती हं!” अण्णांनी लगेच हात पुढं टेकवला. मला मागच्या काचेतून दिसला तो हात. गाडी थांबली, म्हैस गेली.

“निघाली,” काकू म्हणाल्या. मग, “डावीकडं वळती.” मग पुन्हा, “जरा खड्डा हाय, धरा.”

फडक्याला हात पुसत मी फाटकाशी उभा होतो. गाडी उसाआड गेली. तरी बराच वेळ आवाज येत राहिला. “हळू करती... पुढं पोरं हायती... आता मोकळा हाय रस्ता.” आणि मधूनच, त्या आवाजाच्या खाली, अण्णा पुन्हा काहीतरी गुणगुणायला लागले होते.